दोन प्यादी दिल्यावर

नांदेड, २ फेब्रुवारी १९८३

होस्टेलची विहीर आज बंद केली. तळाला नुसता गाळ राहिलाय, बादली टाकली की चिखल वर येतो. वॉर्डनबाईंनी सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं, येत्या आठवड्यात मेस बंद, पंधरा तारखेला होस्टेल बंद. ज्यांना नांदेडात कुणी नातेवाईक असेल त्यांनी तिकडे राहून कॉलेज करावं, बाकीच्यांनी घरी जाऊन अभ्यास करावा आणि परीक्षेपुरतं यावं.

मुली रडायला लागल्या. मला तर आतून उकळ्या फुटल्या. दिवाळीपासून देवणीला गेले नाही. शिवरात्रीला घरी असेन. अव्वाच्या हातची भाकरी, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना अप्पांबरोबर दुकानात पोत्यावर बसून डाव. अप्पा अजून देशी पद्धतीनं खेळतात, प्यादं एकच घर सरकतं त्यांचं. त्यांना इथं शिकलेलं नवीन दाखवायचंय. चिडतील.

४ फेब्रुवारी

व्यंकटमामाची गाडी आली होती. आमच्याच गल्लीतला, एस.टी.त कंडक्टर आहे, देवणी-नांदेड गाडीवर असतो. देगलूर, नायगाव करत गाडी दुपारी येते आणि चारला परत जाते. अव्वा त्याच्याकडूनच डबा आणि निरोप पाठवते, तिला लिहिता येत नाही. मी स्टँडवर गेले आणि सांगितलं, मामा, अव्वाला सांग, मी रविवारी तुझ्याच गाडीनं येऊन राहिले.

त्यानं डबा दिला. धपाटे आणि शेंगाची चटणी. मग तिकिटाची पेटी काखेत सरकवत म्हणाला, "मी तेच सांगणार होतो पोरी. आव्वा म्हनली, येऊ नको."

"म्हणजे?"

"पाणी न्हाई देवणीत. टँकर आठ-आठ दिवस येईना. गुरं छावणीत नेऊन बांधलीत लोकांनी. तितंच राहा म्हनली."

"मामा, होस्टेल बंद होऊन राहिलंय. राहू कुठं?"

तो गाडीच्या टपाकडे बघत राहिला. "ते मी सांगतो तिला. पण तू येऊ नको."

एक माणूस घरात वाढलं तर किती पाणी लागतं? मी तर एका तांब्यात तोंड धुते.

७ फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. सिंधु म्हणते, चल माझ्या घरी नायगावला. ती माझ्या खोलीतली, चांगली आहे, पण तिच्या घरी आधीच दहा माणसं. शिवाय रोज जाऊन-येऊन कॉलेज कसं करायचं.

आज कंधारकर मॅडमनी बोलावलं. त्या इतिहास शिकवतात आणि मुलींच्या खेळांचं बघतात. विद्यापीठाच्या मुलींच्या बुद्धिबळ संघाची निवड यंदा नांदेडला आहे, अठरापासून तीन दिवस. चार मुली निवडणार. मॅडम म्हणाल्या, "महादेवी, तू संघात आलीस तर परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहा. प्राचार्यांना मी सांगू शकते की विद्यापीठाची खेळाडू आहे, सराव घेते आहे. नुसतीच ठेवून घेतली तर उद्या वीस मुली दारात येतील, त्यांना काय सांगू? माझ्या हातपंपाला पाणी आहे अजून."

चौघींत यायचं. औरंगाबादच्या मुली येणार, लातूरच्या येणार. लातूर जिल्हा झाल्यापासून तिकडच्या कॉलेजांना मोठा हुरूप आलाय म्हणे, शिकवायला मुंबईचा कुणी माणूस आणलाय. मला शिकवलंय देवणीच्या किराणा दुकानदारानं.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

९ फेब्रुवारी

माझ्याजवळ एकच हत्यार आहे. लायब्ररीत एक इंग्रजी पुस्तक आहे, वरची-खालची पानं गेलेलं. त्यातलं इंग्रजी मला कळत नाही, पण चाली कळतात. त्यातलाच हा डाव, डॅनिश गॅम्बिट. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग वजिरासमोरचं, आणि तिथून पुढे आपण प्यादी देतच सुटायचं. समोरचीचं एक प्यादं आपली तीन खात खात थेट आपल्या दारात येतं. मग आपला उंट ते मारतो. तोवर आपली दोन प्यादी कमी झालेली असतात, पण दोन्ही उंट तिरपे रोखलेले, आणि समोरचीचं एकही मोहरं घराबाहेर नाही. तिला सावरायला वेळ द्यायचा नाही. दिला की आपण मेलो.

अप्पा हे बघून दुकानातून उठून जातील. ते एक प्यादं सोडत नाहीत. प्यादं गेलं की तराजूतून गूळ सांडल्यासारखं तोंड करतात.

कॉमन रूममध्ये तिघींशी खेळले, तिघींना हरवलं. मला सावकाश खेळून जिंकता येत नाही. तेवढा दम नाही माझ्यात. पहिल्या पंधरा चालींत काय ते झालं पाहिजे.

शिवरात्र

उपास. स्टँडवर गेले. व्यंकटमामानं आज दोन निरोप आणले आणि दोन्ही उलटे.

"अप्पा म्हनले, साडी नेसून स्टुडिओत एक फोटो काढून दे. आन् आव्वा म्हनली, नगं काढू."

"कशाला हवाय फोटो?"

"मला काय ठाव बाई. मी कंडक्टर माणूस."

मला वाटतं कागदपत्रांसाठी असेल. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूरला गेल्यापासून सगळंच नव्यानं लागतंय, माझ्या सवलतीचा अर्जसुद्धा परत भरायला लावला. मामा म्हणाला की घरी लातूरच्या कचेरीतले पाहुणेही येऊन गेले, चहा-फराळ झाला. अप्पांचं बरं आहे, नव्या जिल्ह्यातल्या साहेबलोकांशी ओळख वाढवून राहिलेत. पाहुण्यांना चहाला पाणी आहे. मला नाही.

सिंधुची जांभळी साडी नेसून वजिराबादेतल्या स्टुडिओत फोटो काढला. अव्वा नको म्हणाली ते खर्चासाठी असणार. सिंधु माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हादे, तुला खरंच कळंना का गं?"

"काय?"

"काही न्हाई. पदर नीट घे."

अप्पांनी बी.ए. होईपर्यंत त्या विषयाचं नाव काढणार नाही असं बसवेश्वराच्या फोटोसमोर सांगितलंय. सिंधुला आमच्या अप्पांची माहिती नाही.

१४ फेब्रुवारी

फोटो मी परवा मामाजवळ दिला होता. आज म्हणतो, "हरवला बघ. देगलूरला लई गर्दी, कुटं पडला कळलंच न्हाई." वीस वर्षं तिकिटं आणि सुट्टे पैसे सांभाळणारा माणूस एक फोटो हरवतो! मी रागावले. तो हसला आणि टपावरून माझी पत्र्याची पेटी उतरवून माझ्यापुढे ठेवली.

माझी पेटी. घरची. आत माझे सगळे कपडे, दहावी-बारावीची कागदं, माझी वाकळ, माझा आरसा. तळाशी ज्वारीचं पीठ बांधून दिलेलं.

"हे सगळं कशाला पाठवलं?"

"लागंल म्हनली."

माझ्या खुंटीवर आता काही उरलं नाही देवणीत. माणूस गेल्यावर असं करतात. मी तिथंच स्टँडवर रडले, लोक बघत होते. मामा म्हणाला, "आव्वावर रागावू नको." का नाही रागावू? तिनं मला घरातून झाडून काढलं.

१५ फेब्रुवारी

होस्टेलला कुलूप. सिंधु सकाळच्या गाडीनं गेली. मॅडमनी निवड होईपर्यंत बाहेरची खोली दिली आहे, त्यापुढचं संघात आले तर. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन जेवले, मॅडमवर दोन वेळचं ओझं कशाला. पंगतीत शेजारी एक म्हातारी होती, कंधारकडची. तिनं विचारलं, "एकलीच का गं?" मी हाव म्हणाले. तिनं स्वतःच्या ताटातला शिरा माझ्या ताटात घातला.

१८ फेब्रुवारी

पहिला दिवस. दोन डाव. एक जिंकले. एक वाईट हरले.

औरंगाबादची मुलगी. मी प्यादी दिली, तिनं घेतली, माझे दोन्ही उंट रोखले गेले. मनात म्हटलं, आता हिचं संपलं. आणि तिनं शांतपणे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. एक प्यादं मला परत! मी उंटानं मारलं. तिनं घोडा काढला. मग मारामारी होऊन दोघींचे वजीर पटावरून गेले, आणि माझं सगळं वादळ चार चालींत विझलं. वजिराशिवाय हल्ला कसला. नुसती हाडं राहिली पटावर, आणि डावाच्या शेवटी तिनं मला सावकाश, एकेक घर करत मारलं.

उठताना ती म्हणाली, "याला हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे." चांगुलपणानं म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

म्हणजे माझ्याजवळ काहीच नाही.

१९ फेब्रुवारी

आज एक बरोबरी, एक जीत. उद्याचा शेवटचा डाव जिंकला तर चौथी येते. बरोबरी झाली तरी बाहेर. समोर लातूरची बिराजदार, आणि मोहरी माझी पांढरी.

मॅडम म्हणाल्या, "उद्या तो प्यादी द्यायचा डाव खेळू नकोस. साधं खेळ." साधं खेळून मी बिराजदारला हरवू शकत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

दुपारी स्टँडवर गेले. मामा म्हणाला, "आव्वा देवणीत न्हाई. देगलूरला हाय, भावाकडं." देगलूरला माझ्या मामाचं भांड्याचं दुकान आहे, स्टँडसमोरच. वा. मला घरी येऊ नको म्हणायचं आणि आपण माहेरी जाऊन बसायचं. तिथं पाणी असेल. "किती दिवस आहे?" विचारलं तर व्यंकटमामा म्हणाला, "बघू." आणि अप्पा? "अप्पा देवणीत." त्यांना भाकरी कोण करतं? त्यानं घंटीची दोरी ओढली. गाडी सुटायला अजून वेळ होता.

मॅडमच्या ओट्यावर बसून तीच जागा पुन्हा पुन्हा मांडली. तिनं प्यादं परत दिलं, मी उंटानं मारलं, वजीर गेले. उंटानं मारलं, वजीर गेले. अंधार पडायच्या आत एक सुचलं. उंटानं मारायचंच कशाला? प्याद्यानं मारलं तर? माझ्या पुढच्या उंटाची वाट माझ्याच प्याद्यानं अडते, हे खरं. दिसायलाही भोंगळ दिसतं. पण वजीर पटावर राहतात, आणि दुसऱ्या उंटाची लांब तिरपी वाट तशीच मोकळी राहते, थेट तिच्या राजाच्या दारापर्यंत. चांगलं की वाईट, सांगायला कुणी नाही. पुस्तकातलं तेच पान फाटलेलं आहे.

मेले तरी चालेल, पण वजीर देणार नाही.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस मागचं लिहून राहिले. लक्षात आहे तोवर सगळं लिहायचं.

रविवारी सकाळी डाव उशिरा सुरू झाला, पंचांची गाडी आली नव्हती. बिराजदार चष्मा पुसून बसली. मी प्यादी दिली. तिनं एक घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मी उंटानं मारलं. आणि तिनंही तेच केलं, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं. माझ्याकडे बघितलं, आता उंटानं मार अशी. मी प्याद्यानं मारलं. तिच्या भुवया वर गेल्या.

मग बराच वेळ कुणाचंच काही दिसेना. तिनं किल्लेकोट केला, मीही केला. तिचं एक प्यादं जास्त होतं, आणि मला वाटायला लागलं की हे असंच वाळत जाणार. तेवढ्यात पाठीमागून ओळखीचा खोकला ऐकू आला.

अप्पा. टोपी, काखेत पिशवी, कपाळावर विभूती, चप्पल दाराबाहेर काढलेली. भिंतीला टेकून पट बघत होते. माझ्या बाजूची प्यादी मोजून ते मोठ्यानंच म्हणाले, "अरे अरे, किती गेली!" पंचांनी बोट ओठांवर ठेवलं.

मला इतका आनंद झाला की एक क्षण डाव विसरले. वाटलं, डाव बघायला आले! देवणीहून! मग मात्र डोकं एकदम स्वच्छ झालं. मी मधला घोडा बाजूला सरकवला. त्याच्या मागं लपलेला उंट मोकळा झाला. पुढच्या चालीला वजीर त्याच तिरप्या रेषेवर उंटाच्या पुढं आणून ठेवला. तिच्या राजासमोरच्या प्याद्यावर दोघांचा डोळा. ती विचार करत राहिली. मात वाचवायला तिला हत्ती द्यावा लागला. त्यानंतर ती फार वेळ खेळली नाही, आपला राजा आडवा करून ठेवला.

मॅडमनी मला मिठी मारली. चौथी आले. फळ्यावर नाव लिहिलं, महादेवी मडिवाळप्पा. मी अप्पांकडे पळाले.

"बघितलं का अप्पा?"

"बघितलं. चांगला होता." त्यांनी घड्याळ बघितलं. "पेटी कुठं हाय तुझी? चारची गाडी धरायची."

"कुठं?"

"देवणीला. गुरुवारी पाव्हणे येणार तुला बघायला. निलंग्याचे. पोरगा लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत चिकटलाय, कायम. असली जागा पुन्हा येत न्हाई. दोन महिने झाले मी त्यांना थांबवून राहिलोय, आन् तुझी आव्वा काहीतरी काढून तुला येऊ देईना."

मॅडम मधे बोलल्या, निवड झाली आहे, परीक्षा आहे. अप्पांनी हात जोडले. "बाई, तुमचे लई उपकार. खेळ झाला. आता आम्हाला आमचं बघू द्या." आवाज चढवला नाही. अप्पा कधीच आवाज चढवत नाहीत. म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही.

मी पेटी घेतली आणि गेले. का गेले, सांगता येत नाही. पायच चालत होते.

गाडीत अप्पा खिडकीशी, मी शेजारी. व्यंकटमामानं माझ्याकडे बघून तिकिटं फाडली. नायगाव गेलं. दोन्ही बाजूंना रानं उघडी, नदीच्या पात्रात खड्डे खणून बाया वाटीनं पाणी भरत होत्या. नरसीच्या पुढं अप्पा एकदम म्हणाले, "तो उंट लांबून रोखलेला, ते बरं जमवलंस. मला तर प्यादीच दिसत होती." त्यांनी पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं.

देगलूरला गाडी थांबली. अव्वा गाडीत चढली.

सकाळी अप्पा याच गाडीनं वर गेले होते, तेव्हा व्यंकटमामानंच देगलूरला उतरून तिला सांगितलं होतं, हे नंतर कळलं. ती तेव्हापासून स्टँडवर बसून होती. डोक्यावरून पदर, चेहरा वाळलेला, दिवाळीपासून केवढी उतरलीय. ती थेट आमच्या बाकापाशी आली आणि मला म्हणाली, "उतर."

अप्पा म्हणाले, "गुरम्मा, लोक बघून राहिलेत."

"बघू द्या. महादेवी, उतर. पेटी घे."

"गुरुवारी पाव्हणे येणार हायत."

"न्हाई येणार. मी निलंग्याला जाऊन आले. मीच सांगितलं त्यांना, पोरगी शिकून राहिली, येणार न्हाई, तुम्ही दुसरीकडं बघा."

"तू गेलतीस? एकली?"

"हाव."

अव्वा कधी देवणीच्या बाजारातही एकटी जात नाही. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते तिला कानडीत काहीतरी बोलले, अगदी हळू. आमच्याकडं मोठी माणसं आपसातलं बोलायचं तेव्हा कानडीत बोलतात, मला त्यातलं थोडकंच येतं. 'मने' कळलं, म्हणजे घर. 'बागला' कळलं, म्हणजे दार. बाकीचं कळलं नाही. अव्वानं ऐकून घेतलं. मग मान हलवली आणि माझ्या पेटीची कडी धरली.

मी उतरले.

व्यंकटमामानं घंटी द्यायला बराच वेळ लावला. अप्पा खिडकीतून समोर बघत होते, आमच्याकडं नाही. गाडी गेली. मी अव्वाला म्हणाले, तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आली असतीस. अप्पांशी भांडायला. अन् मग त्यांनी समजावलं असतं." खरं आहे. मी समजले असते.

रात्र मामाकडं काढली आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघी नांदेडला आलो. अव्वा म्हणाली, तुला पोचवून जाते.

२६ फेब्रुवारी

अव्वा अजून इथंच आहे. मॅडमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी. मी सराव करते, ती माझी वाकळ पांघरून भिंतीला टेकून बसते. येताना स्वतःचं काहीच आणलं नाही तिनं, अंगावरच्या लुगड्यावर आली, म्हणजे एक-दोन दिवसांत जाईलच. कधी जाणार विचारलं तर म्हणते, जाईन की.

व्यंकटमामाची गाडी रोज येते, पण ती स्टँडवर येत नाही. मी विचारलं, अप्पांना काही निरोप द्यायचा का? म्हणाली, नको.

आज मात्र तिनं मला लाज आणली. मॅडम कॉलेजातून आल्या, तर ही दारात उभी राहून त्यांना म्हणते, "बाई, तुमच्याकडं नाहीतर तुमच्या ओळखीत कुटं सैपाकाला बाई लागती का? मी भाकरी चांगली करते. धुणं-भांडीबी करीन."

मॅडमनी तिचा हात धरून तिला आत नेलं आणि बराच वेळ दोघी आत बोलत होत्या.

मी पट मांडून तशीच बसले. दोन-चार दिवसांसाठी कुणी काम मागतं का?